लाल पेन्सिलीची रेघ

भिवंडीत कापड अक्षरं वाचून विणत नाहीत, आकड्यांवर विणतात. व्यापाऱ्याची चिठ्ठी येते ती गुजरातीत, कधी मोडक्यातोडक्या इंग्रजीत, एकदा तर तमिळमध्ये आली होती. शेडमधल्या कुणाला तिच्यातलं अक्षर कळत नाही आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही. उभे धागे किती, आडवे किती, पन्हा किती, एवढं दिसलं की लूम चालू. चिठ्ठीत कुठे लाल पेन्सिलीची रेघ ओढलेली असली तर ते काम अर्जंट, बाकीचं मागाहून. हा शिरस्ता मजीद बुबेरेच्या बापाच्या वेळेपासूनचा, आणि मजीद त्यातच लहानाचा मोठा झाला. त्यानं पुढे जे केलं ते समजायचं तर एवढं आधी सांगायला हवं, नाहीतर लोक म्हणतील, माणूस वेडा होता. वेडा मुळीच नव्हता.

मजीद जॉबर होता, म्हणजे लूम बिघडला की ज्याच्या नावानं शेडभर हाका सुरू होतात तो. शहाऐंशी साली त्याचं वय एकतीस. हात तेलात आणि मन व्हॉलीबॉलमध्ये. उंची बेताची, त्यामुळे नेटवर मारा करायचं भाग्य काही त्याच्या वाट्याला आलं नाही. दुसऱ्याला बॉल उचलून देण्यातच जवानी गेली. पण खेळ कळायचा. आपल्याला जे जमलं नाही ते दुसऱ्याकडून करून घ्यायची हौस असलेला माणूस कोच होतो, आणि मजीदला ती हौस दांडगी होती. शेडच्या मागे सिमेंटचं अंगण होतं. तिथे रोज सकाळी, शाळा भरायच्या आधी, तो मोहल्ल्यातल्या आठ मुलींना शिकवायचा.

त्या आठांत त्याची भाची होती, अतिया. सोळा वर्षांची, काटकुळी, बोलायला कमी. पण उभ्या जागेवरून उडी मारली की तिचं मनगट नेटच्या वर दिसायचं. तिची आई शकिला ही मजीदची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती मुलीला घेऊन भावाच्याच घरी राहत होती. मोहल्ल्यातल्या बाया नाकं मुरडायच्या, मुलीनं कसल्या उड्या मारायच्या म्हणायच्या. शकिलानं भावाच्या भरवशावर सगळ्यांची तोंडं बंद केली होती, आणि मजीदलाही बजावून ठेवलं होतं.

"तू हायस म्हणून पाठवते. तिला काय झालं तर मी दुसऱ्या कुणाला न्हाय विचारणार. तुला विचारीन."

"विचार ना, आपा," मजीद हसून म्हणाला होता.

त्या डिसेंबरात जिल्ह्यातल्या होतकरू कोचांसाठी एकवीस दिवसांचं शिबिर निघालं. पास झालं की दाखला, आणि दाखला असला की पुढच्या डिप्लोमाला अर्ज करता येणार. मजीदनं शेडच्या मालकाच्या हातापाया पडून रजा मिळवली. शिबिराला चक्क रशियाहून कोच आला होता. सहा फूट तीन इंच उंची, पांढरे केस आणि हाताचे पंजे सुपाएवढे. सगळे त्याला रशियन साहेबच म्हणायचे. साहेबाबरोबर मुंबईचा एक तरुण दुभाष्या होता. त्याला रशियन उत्तम येत होतं, व्हॉलीबॉल अजिबात येत नव्हता, आणि दुपारच्या जेवणानंतर तो दुसऱ्या नोकरीवर जायचा. त्यामुळे सकाळी साहेब बोलायचा ते मराठीत यायचं आणि दुपारी बोलायचा ते हवेत जायचं.

हवेत गेलं तरी तीस जणांपैकी एकानं कधी हात वर केला नाही. कळलं नाही म्हणावं तर ते कुठल्या भाषेत म्हणावं, हाच मोठा प्रश्न होता. शिवाय मार्कं साहेबाच्या हातात. मग साहेब थांबला की सगळे माना डोलवायचे, आणि तो फळ्यावर आकडे लिहायला लागला की धडाधड वह्यांत उतरवून घ्यायचे. मजीदची वही सगळ्यांत नीटनेटकी होती.

शेवटच्या दिवशी दुपारी मजीदनं धीर केला आणि खिशातला फोटो साहेबापुढे धरला. आपल्या आठ मुली, मागे शेड, मधे अतिया. साहेबाचा चेहरा उजळला. त्यानं एकेका मुलीवर बोट ठेवलं, अतियावर जरा जास्त वेळ ठेवलं. मग काही आठवल्यासारखं करून बॅगेतून एक पुस्तक काढलं. पुस्तक रशियनमध्ये होतं. एक पान उघडलं. पानावर चित्र होतं, एक माणूस उंच खोक्यावरून खाली उतरतो आणि जमिनीला पाय लागताक्षणी पुन्हा वर उसळतो. खाली आकड्यांचा तक्ता. तक्त्याखाली चार ओळींचा मजकूर. साहेबानं लाल पेन्सिल घेतली, त्या चार ओळींखाली जाड रेघ मारली आणि बाजूच्या मोकळ्या जागेत तीन शब्द लिहिले. मग मजीदच्या खांद्यावर हात ठेवून तो बराच वेळ बोलला. बोलताना फोटोवर बोट आपटत होता, पानावर बोट आपटत होता.

"दा, दा," मजीद म्हणाला. एकवीस दिवसांत 'हो' म्हणायचा तेवढा एकच शब्द त्याच्या पदरी पडला होता.

साहेबाचं समाधान झालं नाही. त्यानं दुभाष्या दिसतोय का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. दुभाष्या केव्हाच गेला होता आणि बाहेर गाडी हॉर्न वाजवत होती. साहेबानं पुस्तक मजीदच्या हातात कोंबलं, रेघेवर आणखी एकदा बोट ठेवलं आणि तो गेला.

मजीद घरी आला तो जमिनीवर चालतच नव्हता. त्यानं ते पान मोहल्ल्यात दाखवलं, शेडमध्ये दाखवलं. रशियन साहेबानं माझ्या पोरींचा फोटो बघून मुद्दाम हे पान काढून दिलं, लाल रेघ मारली, बाजूला शाबासकी लिहिली, असं तो सांगायचा. लाल रेघ म्हणजे काय हे भिवंडीतल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. रेघेच्या मजकुरात तीन आकडे होते. अठरा, चार आणि एक. मजीदनं चिठ्ठी वाचावी तसे ते वाचले. अठरा आठवडे, चार फेऱ्या, दिवसातून एकदा. त्याच्या डोक्यात दुसरा काही अर्थ आलाच नाही, आणि ज्यांना त्यानं दाखवलं त्यांच्याही आला नाही.

जानेवारीत उड्या सुरू झाल्या. बॉबिनच्या दोन लाकडी पेट्या एकावर एक ठेवल्या की तक्त्यातली उंची बरोबर यायची. वरून खाली सिमेंटवर, पाय टेकले की लगेच वर. दहा उड्यांची एक फेरी, अशा चार. पहिल्या आठवड्यातच सात मुलींच्या आया दारात आल्या. पोरींचे पाय ठणकतात, आम्हाला घोडे तयार करायचे न्हायत, म्हणाल्या. सात मुली पेट्यांपासून दूर झाल्या. अतिया राहिली. सहा आठवड्यांत तिची उडी चार बोटं वाढली, आणि मजीदनं त्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांना चहा पाजला. रेघेचं काम अर्जंट, ते रोज झालं पाहिजे, हा त्याचा हिशोब पक्का होता.

गुडघे दुखतात असं अतिया एकदा म्हणाली होती. मार्चमध्ये. मजीदनं मोहरीचं तेल लावायला सांगितलं.

मे महिन्यात जिल्ह्याच्या संघाची निवड होती. तिसऱ्याच सामन्यात अतिया मारायला वर गेली, खाली आली आणि उठलीच नाही. ओरडलीसुद्धा नाही. दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरून ती मजीदकडे बघत राहिली, आता काय करायचं ते मामू सांगतील अशा नजरेनं. ती नजर मजीदला पुढे कित्येक वर्षं जेवू देणार नव्हती.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचीही गादी झिजली होती. डॉक्टरांनी मजीदला बाजूला घेतलं.

"हे एका दिवसाचं नाही. हिला कशावरून उड्या मारायला लावत होता तुम्ही?"

"पुस्तकात होतं, साहेब."

"कुठल्या पुस्तकात? काय लिहिलंय त्यात?"

काय लिहिलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. पाच महिने रोज सकाळी त्या पुस्तकाबरहुकूम तो मुलीला सिमेंटवर आपटत होता, आणि पुस्तकात काय लिहिलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना पुढचा पेशंट होता, ते निघून गेले. हे बोलणं दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर मजीदनं पुस्तक फडक्यात गुंडाळून माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे टाकलं. नेट उतरवलं. मुली येईनाशा झाल्या. शकिलानं त्याला काही विचारलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. तिनं सगळा राग मुलीवर काढला. पोरीच्या जातीला नको ते धंदे, अल्लानं दाखवून दिलं, म्हणायची. अतिया ऐकून घ्यायची. तिचा उजवा गुडघा आता पुरा वाकत नव्हता. नमाज स्टुलावर बसून पढायची आणि दिवसभर खिडकीशी लूमसाठी सुताच्या कांड्या भरत बसायची. मजीद घरात शिरला की आधी तिच्या पायांकडे बघायचा, मग नजर फिरवायचा.

लिहिलं काय असेल? हा एकच प्रश्न. कदाचित लिहिलं असेल की रोज करा, बिनधास्त करा. मग दोष पुस्तकाचा, साहेबाचा, नशिबाचा. कदाचित उलटंच लिहिलं असेल. मग दोष कुणाचा, हे त्याला पक्कं माहीत होतं. लूमखाली पाना फिरवताना, जेवताना, मशिदीत, तो हेच दोन पारड्यांत तोलत बसायचा. दोन वर्षं अशी गेली. भूक गेली, बोलणं गेलं. बायको आबिदा म्हणायची, तुम्हाला कुणी काय केलंय काय. तो म्हणायचा, न्हाय.

एकोणनव्वद साली त्याला कळलं की ब्राह्मण आळीत विद्युल्लता टिपणीस नावाच्या शिक्षिकेला रशियन येतं. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. तरुणपणी रशियन शास्त्राची पुस्तकं स्वस्तात मिळायची म्हणून हौसेनं भाषा शिकल्या होत्या. मजीद त्यांच्या दारात उभा राहिला. वास्तविक काम दोन मिनिटांचं. पान दाखवायचं, बाई वाचतील, संपलं. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याला बुद्धी झाली. त्या ओळी आपल्या आधी दुसऱ्या कुणी वाचायच्या, आणि मग आपल्याकडे वर बघायचं, ही कल्पनाच त्याला सोसेना.

"बाई, मला ती भाषा शिकवा," तो म्हणाला.

"तुम्हाला? कशाला हो?"

"कोचिंगचा डिप्लोमा करायचाय. तिथं रशियन साहेब असतात."

बाई खूश झाल्या. "शाबास, मजीदभाई. अहो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. शिकायला बाहेरचा माणूस आणायचा, आणि त्याची भाषा मात्र एकाला येऊ नये! दुभाष्या घरी गेला की सगळे मुके. शिकाऊ कोचाला शिट्टीच्या आधी भाषा द्यायला हवी."

मजीद खाली बघत राहिला. बाईंना वाटलं, लाजला.

दोन वर्षं तो शिकला. दर शुक्रवारी लूम बंद असायचे, तेव्हा बाईंकडे. एरवी डबा खाताना, लूमवर धाग्यांचा नवा बीम चढवायला लागतो तेवढ्या फुरसतीत, तेलकट बोटांनी वहीवर ती उलटीसुलटी अक्षरं गिरवायचा. शेडमधले हसायचे. मजीदभाई मॉस्कोला चालला, म्हणायचे. चाळिशीकडे झुकलेल्या माणसाच्या जिभेला परकी भाषा लागायची म्हणजे बैलाला जिना चढवण्यासारखं. कितीदा वाटलं, सोडावं. पण एक धडा संपला की त्या पानाकडे एक पाऊल पडायचं. गंमत म्हणजे पुढे सरकायचीही भीती आणि थांबायचीही भीती, अशा दुहेरी भीतीनं त्याची भाषा पक्की झाली. बाई म्हणायच्या, इतका मन लावून शिकणारा विद्यार्थी मी पाहिला नाही. आणि एक्क्याण्णवच्या ऑगस्टमध्ये त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवत म्हटलं, "तो देश काही आता टिकत नाही असं दिसतंय, मजीदभाई. तुमचे रशियन साहेब यायचे नाहीत."

"चालंल, बाई," मजीद म्हणाला, आणि त्यांच्याकडून शब्दकोश मागून घेऊन घरी आला.

शुक्रवार होता. बायका कुणाच्या तरी बारशाला गेल्या होत्या. त्यानं माळ्यावरून पुस्तक काढलं, फडकं सोडलं, खिडकीशी बसला. चार ओळी वाचायला त्याला तासभर लागला, कारण प्रत्येक शब्द तो दोनदा शोधत होता, चुकीचा निघावा म्हणून.

लिहिलं होतं ते असं. ही उडी अठरा वर्षं पूर्ण झालेल्या आणि निदान चार वर्षं वजनं उचलून पाय बळकट केलेल्या खेळाडूंनाच द्यावी. मऊ जमिनीवर, आठवड्यातून एकदाच. गुडघ्यात दुखू लागल्यास त्याच दिवशी बंद करावी.

अठरा. चार. एक.

आणि बाजूला साहेबाच्या अक्षरातले ते तीन शब्द, जी शाबासकी म्हणून मजीदनं अख्ख्या मोहल्ल्याला दाखवली होती. त्यांचा अर्थ लावायला शब्दकोशाची गरज पडली नाही. पहिल्या सहा महिन्यांतच ते शब्द तो शिकला होता. 'तुझ्या मुलींना नाही.'

त्यानं पुस्तक मिटलं. रडू आलं नाही. साहेबानं सांगितलं होतं. फोटोवर बोट आपटून आपटून सांगितलं होतं. आणि आपण काय म्हणालो, तर दा, दा. मला कळलं नाही, एवढं तरी म्हणायला काय झालं होतं? मराठीत म्हणालो असतो तरी साहेबाला चेहऱ्यावरून समजलं असतं. लाजेपायी म्हणालो नाही. तीस जणांत आपण एकटे अडाणी दिसू, एवढ्या लाजेपायी अतियाचे पाय दिले.

माणूस इतका भित्रा असतो की यानंतरही मजीद आठ महिने गप्प बसला.

ब्याण्णवच्या एप्रिलमध्ये अतियाला पडघ्याहून स्थळ आलं. ती एकवीस वर्षांची झाली होती. मुलाची आई आणि आत्या बैठकीत जाजमावर बसल्या, अतियालाही खाली बसवलं. बोलणं बरं चाललं होतं. मग आत्या म्हणाली, बेटी, जरा पानी आन. बसलेल्या जागेवरून उठायला अतियाला एक हात जमिनीवर आणि एक हात खुर्चीवर टेकावा लागला, उजवा पाय आधी लांब करावा लागला. दोघी बायांनी एकमेकींकडे पाहिलं. पाणी प्यायल्या आणि गेल्या. हे तिसरं स्थळ.

दार लागल्याबरोबर शकिलाचा बांध फुटला. "मार अजून उड्या! नेटच्या वर हात जायला पायजे होता ना तुला? बस आता जन्मभर माझ्या उरावर!"

अतिया भिंतीला टेकून उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "माझीच चूक हाय, अम्मी. मामू चाळीस सांगायचे, मी ते शेडमध्ये गेले की अजून दहा मारायची. मामूंना माहीत न्हवतं. मामूंचा काय दोष न्हाय."

मजीद पडद्यामागे ऐकत होता. पाच वर्षं ही पोर त्या दहा उड्या उराशी धरून बसली होती, आणि तो आपले आकडे. तो आत गेला, पुस्तक घेऊन आला आणि जाजमावर बहिणीसमोर बसला. पान उघडलं. आधी रशियनमध्ये वाचलं, मग मराठीत. बाजूचे तीन शब्दसुद्धा वाचले.

"चाळीस काय आन् पन्नास काय," तो म्हणाला. "एकपण न्हवती मारायची. साहेबानं लिहून दिलं होतं. मला वाचता येत न्हवतं, आन् मी तसं बोललो न्हाय. आपा, तू म्हणाली होतीस ना, मला विचारशील. विचार."

शकिलानं विचारलं नाही. ती भावाकडे अशी बघत होती जणू घरात कुणी परका शिरलाय. मग उठून आत गेली आणि कडी लावली. मजीद मान खाली घालून अतियाच्या तोंडून शिव्या यायची वाट बघत राहिला. आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अतिया खुर्चीवर बसली. पुस्तक मांडीवर घेऊन तिनं ते चित्र पाहिलं, रेघेवरून बोट फिरवलं.

"मामू, हा तक्ता तुम्ही अजून कुणाला दिला होता?"

पाच वर्षांत हा विचार त्याला एकदाही शिवला नव्हता. दिला होता. सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत, अतियाची उडी चार बोटं वाढली त्या आनंदात, त्यानं तो तक्ता सायक्लोस्टाइल करून घेतला होता आणि शिबिरातल्या अकरा सोबत्यांना पोस्टानं पाठवला होता. चित्रासकट, आकड्यांसकट, रेघेसकट. त्या चार ओळी आणि साहेबाचे तीन शब्दही त्यानं कशिद्यासारखे हुबेहूब उतरवले होते. खाली आपलं नाव घातलं होतं. आणि वर मराठीत लिहिलं होतं, रोज करणे.

"अकरा जणांना," तो म्हणाला.

"उद्या जाऊ," अतिया म्हणाली.

"तू कशाला? मी जातो."

"न्हाय. तुम्ही परत गप बसाल."

सकाळी वाड्याची एसटी धरून दोघं अंबाडीला उतरले. गाडीच्या तीन पायऱ्या चढायला आणि उतरायला तिला जो वेळ लागला तो सगळा वेळ मजीद मागे उभा होता, आणि कंडक्टर घंटी वाजवून घाई करत होता. अंबाडीच्या शाळेत चांगदेव नावाचा पीटीचा मास्तर होता, त्या अकरांतला सगळ्यांत जवळचा, शिबिरात मजीदच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा. सुट्टीचे दिवस होते तरी मैदानावर पंधरा-वीस मुलंमुली होती. कडेला फळ्यांचं एक उंच खोकं ठेवलं होतं. एक मुलगी त्यावर चढली, उतरली, उसळली. पुन्हा चढली.

"थांबव!" मजीद फाटकातूनच ओरडला. "चांगदेव, थांबव त्यांना!"

चांगदेव हसत पुढे आला. "मजीदभाई! किती वर्षांनी! अवो, तुमच्याच तक्त्यावर तर चाललंय समदं." त्यानं बोट केलं. मैदानालगतच्या सामानाच्या खोलीच्या भिंतीवर तो कागद डकवलेला होता, पिवळा पडलेला, वर 'रोज करणे' आणि खाली मजीदचं नाव.

मजीदनं कागद भिंतीवरून ओढून काढला. रशियन ओळींवर बोट ठेवून त्यानं प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगितला. चांगदेवचं हसू मावळलं, मग तो चिडला.

"मला काय ठावं त्यात काय लिवलंय? तुमी दिलाव म्हनून लावला. तुमचं नाव हाय खाली."

"खरंय," मजीद म्हणाला.

"कुणाचे गुडघे गेले काय?" अतियानं विचारलं.

चांगदेवनं तिच्या पायांकडे पाहिलं आणि मग तिच्या तोंडाकडे बघणं टाळलं. "तसं काय न्हाय... दोगातिगांचं झालं थोडं. खेलात चालायचंच. एक तुळजा म्हनून होती, ती जास्ती. लय उडायची. तिनं शालाच सोडली मंग."

"घर कुठं हाय तिचं?"

घर लांब नव्हतं, पण चढावर होतं. ऊन तापलं होतं. अतिया दर वीस पावलांवर थांबत होती आणि मजीदनं पुढे केलेला हात धरत नव्हती. चांगदेव मागून येत होता. ओट्यावर एक मुलगी सुपात तांदूळ निवडत बसली होती. सतरा-अठराची असेल. मास्तरांना बघून ती उठायला लागली. आधी एक पाय लांब केला, मग एक हात जमिनीवर टेकला, दुसऱ्यानं खांब धरला. अतिया ते बघत होती. मजीदलाही बघावं लागलं.

"बस, बस," चांगदेव घाईनं म्हणाला. "हे भिवंडीचे मोठे कोच हायत. तो उड्यांचा तक्ता यांचाच."

मुलगी तशीच अर्धवट उभी राहिली, खांब धरून. तिला वाटलं, कोच जाब विचारायला आले आहेत. ती ओशाळून गेली.

"सर, मी मारायची बरोबर," ती मजीदला म्हणाली. "रोज चालीस मारायची. पन माजेच पाय कच्चं निघालं. माजी चूक हाय, सर."

मजीदला दोन भाषा येत होत्या, हिंदी धरली तर तीन, आणि इतक्या वर्षांत एकीतही तो वेळेवर तोंड उघडू शकला नव्हता. अतिया त्याच्याकडे बघत उभी होती. तो ओट्याची पायरी चढला, मुलीच्या हातातून सूप घेऊन खाली ठेवलं आणि तिच्या समोर बसला.

"न्हाय, पोरी," तो म्हणाला. "तुझी न्हाय. बस खाली, सांगतो कुणाची ती."